ज्वारीचा दाणा किती उडतो

सुधाकरभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली मंडळी गादीवर बसली होती आणि मी एकेक साडी उलगडून दाखवत होतो. फोन वडनेरहून, त्यांच्या धाकट्या भावाचा. "सुधाकरदादा गेले जी सकाळी. चार वाजता नेतो." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि पुढची साडी उलगडली. काठ दाखवला, पदर दाखवला. शेवटी त्या मंडळींतल्या एका म्हातारबाईंनीच विचारलं, "काऊन जी, काही वाईट झालं काय?" तेव्हा कुठे मी उठलो. या गोष्टीला सहा आठवडे झाले. चांगल्या माणसाबद्दल लिहावं म्हणून कागद घेऊन बसतो आणि दर वेळी आधी स्वतःबद्दलच काहीतरी लिहावं लागतं, म्हणून थांबतो. आज थांबणार नाही.

हिंगणघाटातल्या माझ्या वयाच्या लोकांना सुधाकरभाऊ टाकीजचे ऑपरेटर म्हणून आठवतील. उंच, काटकुळे, खांद्यावर दुपट्टा आणि शर्टाच्या खिशात कायम एक पेन्सिल सेल. टाकीजच्या मशीनघरात सिनेमा चालवायचे आणि उरलेल्या वेळात गावातले रेडिओ, भोंगे, अॅम्प्लिफायर दुरुस्त करायचे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मी कापडदुकानदाराचा मुलगा म्हणून मला गमतीनं 'शेठ' म्हणत, पण अरे-तुरेतच.

नव्वदनंतरची ती वर्षं. माझं नुकतंच लग्न झालं होतं, दुकान हाती आलं होतं आणि घरात एक चांगली सिस्टीम असावी असं फार वाटत होतं. बाबांनी दुकान सोडल्यापासून दिवसभर भजनाच्या कॅसेट ऐकण्याशिवाय त्यांना दुसरा विरंगुळा नव्हता, हेही एक कारण होतंच. त्या वेळी बाजारात सगळी बोली वॅटची होती. कोणी पाचशे वॅट आणलं की शेजारचा हजार वॅट आणायचा. मी मशीनघरात जाऊन विचारलं, "सुधाकरभाऊ, किती वॅटचं घेऊ?"

ते म्हणाले, "वॅट कायले पाहून राह्यला? तुया घरी लाईट किती तास राह्यते, ते सांग पह्यले."

लाईट कुठे राहत होती! उन्हाळ्यात दुपारी तीन-तीन तास भारनियमन असायचं, हिवाळ्यातही तास-दोन तास. मग त्यांनी मला खिडकीतून खालचा हॉल दाखवला. एवढी मोठी टाकीज, मागच्या बाकापर्यंत भरलेली, आणि तिला वाजवणारा अॅम्प्लिफायर जुना, व्हॉल्व्हचा, वीसेक वॅटचा. "वॅट म्हणजे चारा, शेठ. वुफर म्हणजे बैल. चारा किती खाल्ला ते नको सांगू, वखर किती ओढला ते सांग. थोड्या चाऱ्यात जास्त ओढते, तो बैल पाह्यचा." त्यांची योजना अशी की ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा दहा वॅटचा छोटा अॅम्प्लिफायर ते स्वतः बांधून देतील, आणि त्याला जोडीला असे वुफर, म्हणजे डब्यात बसवायचे मोठे गोल स्पीकर, शोधायचे की त्या दहा वॅटांतच घर भरून जाईल. लाईट गेली तरी बाबांचं भजन थांबायला नको.

एका सोमवारी दुकान बंद ठेवून आम्ही नागपूरला गेलो. सीताबर्डीच्या त्या गल्लीत स्पीकरची दुकानं रांगेनं होती. दुकानदारानं आधी चकचकीत माल काढला. रबराची जाड कडा, मधोमध चंदेरी टोपी, मागे हे एवढं मॅग्नेट. मी तर तिथंच पसंत केले होते. सुधाकरभाऊंनी वुफर काउंटरवर उताणा ठेवला, खिशातून सेल काढला आणि दुसऱ्या खिशातून कागदाची पुडी. पुडीत ज्वारीचे दाणे. एक दाणा त्यांनी वुफरच्या टोपीवर मधोमध ठेवला आणि सेलच्या दोन तारा मागच्या टोकांना टेकवल्या. आतला कागद जेमतेम हलला, दाणा जागच्या जागी जरा कलला. "हा जेवून बसला," असं म्हणून त्यांनी तो बाजूला सारला.

दुकानदार म्हणाला, "भाऊ, स्पीकर घेऊन राह्यले का भाकरी टाकून राह्यले?"

"दोन्ही. तुमचा माल चांगला निंगाला तं लाह्या फुटतीन."

एकामागून एक आठ-नऊ वुफर झाले. सेल तोच, दाणा तोच. ते मला समजावत होते: सेलची ताकद सगळ्यांना सारखीच मिळते, मग जो हलका आहे आणि ज्याचं मॅग्नेट नेमकं आहे तो दाणा उंच उडवतो. जड कागदाला हलवण्यातच निम्मी ताकद जाते, मग त्याला पाजत बसा वॅट. शेवटी वरच्या फळीवरून धूळ झटकत एक बारा इंची खाली आला. करड्या रंगाचा साधा कागद, कडेला रबराऐवजी चुण्यांची कापडी पट्टी. बँडवाले नेतात तसला. तारा टेकवल्या आणि दाणा टणकन उडून दुकानदाराच्या चष्म्यावर बसला. सुधाकरभाऊंचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, आता हा माणूस त्या वुफरला पोटाशी धरतो. पण तिथं काम संपलं नाही. त्या जातीचे पाच वुफर काढायला लावून त्यातून दोन असे निवडले की दोन्हींवरचा दाणा सारखाच उडेल. तळहात आडवा धरून उंची मोजत होते. "जोडी एकसारखी पाह्यजे. नाई तं एक ओढते अन् दुसरा मांगं राह्यते."

मला ते वुफर दिसायला आवडले नव्हते. परतीच्या बसमध्ये मी एकदा म्हणालोही, जरा भारी घ्यायला हवे होते. ते हसले. "कान देवानं डोळ्याच्या बाजूले देले, शेठ, डोळ्यात नाई देले."

डबे प्लायवूडचे, कोठीएवढे मोठे. माझी बायको म्हणाली, यात वर्षाचे गहू मावतील. सुधाकरभाऊंनी मागच्या गोल भोकावर आतून तारेची जाळी ठोकली. "जिथं कापूस तिथं उंदीर. आपलं गाव हाये हे." आणि आत भरायला मला रुई आणायला लावली. नीट सांगितलं, "जिनातली साफ रुई आणजो. सरकीवाला कापूस नाई. अन् पसाभरच. कोंबली तं त्याचा श्वास कोंडते." मी जिनातून, म्हणजे सरकी काढणाऱ्या गिरणीतून, रुई आणली, त्यांनी हातानं पिंजून आतल्या भिंतींना हलकेच लावली.

त्यानंतरच्या दोन-तीन उन्हाळ्यांतल्या दुपारी आठवल्या की आजही अंगावरून गार वारा जातो. लाईट जायची. गल्लीतले सगळे कूलर एकदम बंद पडायचे, पलीकडची पिठाची चक्की थांबायची, आणि गावावर अशी शांतता उतरायची की कोणाच्या अंगणात बादली ठेवली तरी ऐकू यावं. मी बॅटरीची तार जोडायचो. बाबांकडे वडनेरच्या भजनमंडळाची एक जुनी कॅसेट होती, खंजिरीवरच्या भजनांची. ती लागली की ओट्यावर माणसं येऊन बसत. आवाज मोठा नव्हता. भरलेला होता. बाबा डोळे मिटून म्हणायचे, "ऐक, खंजिरीवाल्याच्या बोटात अंगठी आहे." आणि खरंच, थापेच्या आधी धातूची बारीक टक् ऐकू यायची. एवढी वर्षं ती कॅसेट ऐकत होतो, ती अंगठी कधी ऐकली नव्हती... टाकीजला दुपारची सुट्टी असली की सुधाकरभाऊ येत, खुर्ची नाकारून दाराच्या चौकटीला टेकून उभे राहत आणि गाण्यापेक्षा लोकांच्या चेहऱ्यांकडे जास्त पाहत.

मग शेजारी हजार वॅट आलं.

त्याच्या दणक्यानं आमच्या खिडकीची काच वाजायची. माझ्याकडे तसं धम् वाजत नाही, हे मला टोचायला लागलं. कोणीतरी सांगितलं की डब्यात जास्त कापूस भरला की आवाज खोल जातो. सुधाकरभाऊंना विचारलं असतं तर त्यांनी हसण्यावारी नेलं असतं, म्हणून विचारलंच नाही. दिवाळीनंतरचे दिवस होते. वडनेरच्या आमच्या वावरातला वेचणीचा कापूस मागच्या खोलीत छातीएवढा रचला होता. जिनात कोण जाणार? मी डावा वुफर काढला आणि त्याच ढिगातला कापूस, सरकीसकट, दोनदा कवेत भरून आत कोंबला. तारेची जाळी आडवी येत होती, ती ओढून काढून टाकली. उजवा उघडायचा कंटाळा आला. स्क्रू पिळले आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मोठ्यानं वाजवून पाहिलं. बाबा म्हणाले, "अंगठी ऐकू नाही येत आज." मी म्हणालो, तुमचे कान गेले आता.

त्याच सुमारास टाकीज बंद पडणार अशी बोलणी सुरू झाली होती. घरोघर केबल आलं होतं, बाकं रिकामी राहत होती. सुधाकरभाऊंची नोकरी जाणार हे उघड होतं. पण गावात एक मोठं मंगल कार्यालय बांधून होत आलं होतं आणि त्याचे मालक बाबांच्या ओळखीचे होते. तिथला सगळा साऊंड बसवायचा आणि पुढे कायमचा सांभाळायचा, असं काम होतं. ऐन लग्नात लाईट गेली तरी मंगलाष्टकं थांबू नयेत अशी मालकांची इच्छा. सुधाकरभाऊंची बॅटरीवरची जोडी त्यासाठीच जन्मली होती जणू. मीच मध्यस्थी केली. रविवारी दुपारी लाईट गेल्यावर आमच्या बैठकीत मालकांनी प्रत्यक्ष ऐकावं, असं ठरलं.

रविवारी सकाळी मी बैठक झाडायला गेलो, तर डाव्या डब्यामागे सरकीची टरफलं पडली होती. कुरतडलेली. आणि त्यांच्यात करड्या कागदाचे बारीक तुकडे. काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं. दुपारला पुष्कळ वेळ होता. टाकीज घरापासून पाच मिनिटांवर. जाऊन एवढंच सांगायचं होतं की सुधाकरभाऊ, मी डबा उघडला होता, उंदीर शिरला, जरा येऊन पाहा. मी ते सगळं सुपलीत भरून बाहेर टाकलं. कदाचित थोडंच खाल्लं असेल, वाजेल, असं स्वतःला सांगितलं.

दुपारी पंधरा-सोळा माणसं जमली, बाबा त्यांच्या दिवाणावर होते. सुधाकरभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून आले होते. मंगलाष्टकांची कॅसेट त्यांनी एका गुरुजींना बसवून स्वतः भरून आणली होती. लाईट गेली, बॅटरी जोडली, गुरुजींचा आवाज सुरू झाला... पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्याला आवाज चढला आणि डावा वुफर फर्रर्र करून फाटका वाजू लागला.

मालक म्हणाले, "काय हो ऑपरेटर, तुमचे गुरुजी पान खाऊन बसले का?"

बैठक हसली. सुधाकरभाऊ डब्यापाशी उकिडवे बसले, कान लावला, बोटांनी कागदाची कडा चाचपली. मग मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नुसतं, विचारल्यासारखं. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले आणि मी म्हणालो, "कागदच तो शेवटी. मी तर घेतानाच म्हटलं होतं, जरा भारी घ्या म्हणून."

हे वाक्य मी उच्चारलं. ते कोणी माझ्याकडून वदवून घेतलं नव्हतं. मालक म्हणाले, "बरोबर आहे. हॉलला मजबूत माल पाहिजे," आणि अर्धा चहा ठेवून उठले.

माणसं पांगली. सुधाकरभाऊंनी स्क्रू काढायला घेतले तेव्हा मी कपबशा उचलायच्या निमित्तानं आत गेलो, आणि बराच वेळ आतच राहिलो. बाहेर आलो तर वुफरची मोकळी जागा त्यांनी पुठ्ठ्यानं झाकली होती, वुफर दुपट्ट्यात गुंडाळून काखेत धरला होता आणि हातात एक फुगलेली पिशवी होती. "येतो गा," म्हणाले आणि गेले. लाईट नव्हती, डब्यात अंधार होता, त्यांना काही दिसलं नसेल, अशी मी माझी समजूत घातली. पिशवीत काय होतं, हे मी स्वतःला विचारलं नाही. आठ दिवसांनी ते वुफर घेऊन आले, तासभर डब्यात हात घालून काम केलं आणि जाताना म्हणाले, "आता डब्बा उघडजो नको." त्यांनी उजव्यासोबत डावाही लावून ऐकवला. खंजिरीवाल्याची अंगठी परत आली होती.

त्या रविवारी संध्याकाळी बाबांनी मला फक्त एक विचारलं होतं. "सकाळी सुपली घेऊन कुठे गेला होतास रे?" मी दुकानाची वही उघडून बसलो. त्यांनी परत विचारलं नाही. पुढे चार वर्षं बाबा होते, तो विषय आमच्यात तसाच पडून राहिला.

कार्यालयाचं काम नागपूरच्या माणसाला गेलं. मोठमोठे जड वुफर, त्यांना पोसणारा मोठा अॅम्प्लिफायर. लाईट गेली की सगळं गप. जनरेटर सुरू होईपर्यंत गुरुजींचा आवाज पहिल्या दोन रांगांपुढे जायचा नाही. एका लग्नात मी आणि सुधाकरभाऊ शेजारी उभे होतो. ऐन मंगलाष्टकांत लाईट गेली. चारशे माणसं हातात अक्षता घेऊन ताटकळत उभी, कडवं कधी संपलं कोणाला कळेना. सुधाकरभाऊ हळूच म्हणाले, "टाका, टाका, अंदाजानं टाका." आजूबाजूचे हसले. तेही हसले. माझ्या मुठीतल्या अक्षता घामानं हाताला चिकटल्या होत्या.

टाकीज बंद झाल्यावर ते बायकोला घेऊन वडनेरला भावाकडे गेले. विहिरीवरच्या मोटरी भरून द्यायचे, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळायची. तेही काम चोख करत. पण स्पीकर मात्र त्यांनी परत कोणाला निवडून दिला नाही. मी वर्षातून एक-दोनदा जायचो. दर वेळी बसमध्ये वाक्य जुळवायचो. ते तार गुंडाळत असायचे, वहिनी चहा आणून ठेवायच्या आणि काही न बोलता आत जायच्या. मी हवापाण्याचं बोलून परत यायचो. शेवटची भेट सेवाग्रामच्या दवाखान्यात झाली. हात अगदी काड्या झाले होते. मी म्हणालो, "सुधाकरभाऊ, तुमच्याशी एक बोलायचं होतं..." ते म्हणाले, "वाजते का?" मी म्हणालो, वाजतात. "लाईट गेल्यावर?" म्हटलं, हो. त्यांनी डोळे मिटले, आणि मला वाटलं, झोपले. त्यांना झोप लागल्याचं मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

तेरवीच्या दिवशी वडनेरला पंगती उठल्यावर मी वहिनींसमोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. कापूस, जाळी, सुपली, ते वाक्य. त्या ऐकत होत्या, चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"माहीत हाये मले, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पिशवीभर कापूस आणलता त्याइनं घरी. वंजळभर सरकी निंगाली अन् उंदराच्या लेंड्या. वुफर मांडीवर घेऊन बसले अन् हासू लागले. म्हणे, येड्यानं कापूस भरला. मी म्हटलं, मंग जाऊन सांगा ना मालकाले! तं म्हणे, त्याचा बाप बसला होता तिथं. बापासमोर पोराले खोटा पाडू काय?"

ज्या बापासमोर त्यांनी मला खोटं पडू दिलं नाही, त्या बापाला सगळं ठाऊक होतं.

"ते हासले. मी नाई हासली," वहिनी म्हणाल्या. "मले तेव्हाबी राग होता, आताबी हाये. अन् मले काऊन सांगून राह्यले तुम्ही? ज्यायले माहीत नाई त्यायले सांगा."

म्हणून हे लिहिलं. त्या रविवारी आमच्या बैठकीत जी मंडळी होती, त्यांतली बरीच आजही गावात आहेत आणि वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात. त्यांना सांगतो. वुफर कच्चा नव्हता. निवड चुकली नव्हती. सुधाकरभाऊंच्या कामात दोष नव्हता. दोष डब्यात मी भरला होता, आणि नंतर मी खोटं बोललो.

परवा दुपारी लाईट गेल्यावर मी दोन्ही डबे उघडले. 'उघडजो नको' हे एवढी वर्षं पाळलं होतं. डाव्यात नवी जाळी ठोकलेली होती, आत साफ रुई, पसाभर. डावा वुफर उलटा करून पाहिला. उंदरानं खाल्लेल्या जागी पतंगाचा गुलाबी कागद लावला होता, इतका पातळ की उजेडाकडे धरल्यावरच दिसावा. फाटलेली कापडी कडा सुईदोऱ्यानं रफू केली होती. ते बारीक, एकसारखे टाके सुधाकरभाऊंच्या हातचे नव्हेत. राग असताना ते कोणी घातले असतील, हे मला आता कळतं.

दोन्ही वुफर बाबांच्या दिवाणावर उताणे ठेवले. स्वयंपाकघरातून ज्वारीचे दाणे आणले, घड्याळातला पेन्सिल सेल काढला. आधी उजव्यावर दाणा ठेवला, तारा टेकवल्या, आणि दाणा जिथवर उडाला तिथं तळहात आडवा धरला. मग हात तसाच धरून डाव्यावर दाणा ठेवला. ठिगळ म्हटलं की वजन आलं, वजन आलं की दाणा कमी उडणार, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. तारा टेकवल्या.

दाणा उडाला आणि तळहाताला लागला.